सोळा टोपणं

सायलेन्सरचा दुसरा नट फिरला
आणि मला वाटलं, सुटला.
सुटला नव्हता. स्टडच तुटला होता,
हेडच्या आत, किडक्या दाताच्या मुळासारखा.
पान्हा हातात एकदम हलका झाला,
आणि सोप्यावरून बाबा म्हणाले,
"ऐकला मी आवाज."

गुडघे बदलल्यापासून ते कानांनीच काम करतात.
बावीस वर्षं माशेलच्या स्टँडवर पायलट,
पिवळ्या मडगार्डची ही हिरो होंडा,
गुरुवारी बाणस्तारीच्या बाजारातून
मागं पाटी घेऊन बसलेली बाई,
पाटीत बांगडे,
बांगड्यांचं पाणी ठिबकत सायलेन्सरवर.
त्या मिठानं खाल्लाय पत्रा.
बोट टेकलं की पापड.
बाबा म्हणतात, खाडीच्या वाऱ्यानं.
मी वाद घालत नाही.

तीन दिवस मुळाशी डिझेल सोडलं.
चौथ्या दिवशी रुझार आला, खिडक्यांचे गज जोडणारा,
तुटक्या टोकावर एक नट ठेवला
आणि नटाच्या पोटात वेल्डिंगचा एकच ठिपका.
"ॲल्युमिनियम आधी फुगतं," तो म्हणाला,
"लोखंड मागाहून. त्या मधल्या वेळात फिरव. सवकास गो."
फिरवलं. नाही.
परत तापवलं. नाही.
तिसऱ्यांदा कर्रर्र करून पाव आटा हलला.
रुझारनं पैसे घेतले नाहीत, दोन शहाळी घेतली.

फोर्कचं काम मला सोपं वाटलं होतं.
आतून निघालं ते तेल नव्हतं, खाजनातला चिखल.
सर्क्लिप खोबणीत रुतलेली,
दाभणानं खरवडताना अंगठा फाटला.
खालचा बोल्ट नुसताच गरगरत राहिला
आणि मी जे बोलले
ते वीज खात्याच्या खिडकीत बसून
बिलं घेताना कधी बोलले नसते.
बाबा खोकले. ते हसणं होतं.

मग दोन्ही नळ्या पुसून
देवघरापुढच्या गुळगुळीत फरशीवर गडगडवल्या.
उजवी सरळ गेली, भिंतीला लागली.
डावी लंगडली;
तिच्याखालून उजेडाची रेघ
यायची, जायची, यायची.

"बाबा, कधी पडलात?"
"पडलो नाही."
मी नळी पुन्हा लोटली.
"बोरीच्या पुलाअलीकडे. गाय आडवी आली.
एकोणीस वर्षं झाली."
"घरी सांगितलं नाहीत."
"मागं कोणी होतं."

एवढंच.
आत सुपाचा आवाज थांबला,
मग पुन्हा सुरू झाला.
मी सर्क्लिप पुसत राहिले,
पुसून झाल्यावरही.

नवी नळी फोंड्याहून आणली.
सील बसवायला कुळागरातल्या पाइपाचा वीतभर तुकडा,
वरून लाकडी हातोडी.
तेल मोजायला खोकल्याच्या औषधाचं टोपण:
दहा मिलीचं, एका पायाला सोळा.
मोजायचं काम बाबांकडं.
अकराव्याला ते अडले, "अकरा की बारा?"
ओतलेलं सगळं परत काढलं.
दुसऱ्या खेपेला त्यांनी एकेक आकडा मोठ्यानं म्हटला,
स्टँडवर पाळी पुकारावी तसा,
आणि सोळाला हात वर केला.

सायलेन्सर अजून फुसफुसतो.
गॅस्केट एका बाजूनं दबलं नाही, चूक माझी.
ते रविवारी.

संध्याकाळी अंगणात
बाबा काठी भिंतीला टेकवून, कण्हत, सीटवर बसले.
पुढचा ब्रेक धरून अंगभार टाकला:
फोर्क खाली गेला, वर आला,
एकदाच, आणि थांबला.
पुन्हा टाकला. पुन्हा तसंच.
मग मान न वळवता त्यांनी आईला हाक मारली,
"बसतेस मागं?"

ती दारापर्यंत आली, हातात सूप,
सुपात निम्मे निवडलेले तांदूळ.
बराच वेळ गाडीकडं पाहिलं.
"गाय आडवी आली तर?" म्हणाली.